शिट्टीबाईंचं तळं

शाळेच्या हजेरीपत्रकावर त्यांचं नाव होतं, पण ते वापरलं कुणीच नाही. आधी मुलींच्या तोंडी त्या शिट्टीबाई झाल्या, मग शिक्षकांच्या, आणि शेवटी खुद्द मुख्याध्यापकांच्याही. त्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागल्या तेव्हा मला ऑफिसात कारकून होऊन दोन वर्षं झाली होती. आमचा डबा एकत्र, आणि एकीनं रजा घेतली की दुसरीनं सांभाळून घ्यायचं. त्यामुळे पुढे जे घडलं ते मी जवळून पाहिलं. त्यातला एक कागद माझ्याच हातून टाइप झाला, हेही आधीच सांगून टाकते.

काम त्यांचं साधं होतं. परीक्षानळ्या धुवायच्या, बाटल्यांना लेबलं चिकटवायची, तासाआधी स्पिरिटचे दिवे मांडून ठेवायचे आणि तास संपला की फुटलेल्या काचा गोळा करायच्या. गाईड पथक त्यांच्याकडे आलं ते कुणालाच नको होतं म्हणून. शनिवार-रविवार जातात, हातात काही पडत नाही, तेव्हा सगळ्या शिक्षिकांनी हात वर केले. मुख्याध्यापकांनी ते सगळ्यांत कमी बोलणाऱ्या बाईच्या गळ्यात मारलं. बाई दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला गेल्या, गाठी आणि तंबू शिकून आल्या, आणि त्यानंतर पथक सोडायचं नाव त्यांनी कधी काढलं नाही.

बिल्ल्यासाठी मुलींना सेवेचं एखादं काम दाखवावं लागतं. बहुतेक शाळा त्यासाठी चौकात दोन तास झाडू मारतात, फोटो काढतात, मोकळ्या होतात. शिट्टीबाईंनी गावाबाहेरचं तळं घेतलं. पहिली दोन वर्षं नुसती जलपर्णी ओढण्यात गेली. मुली गुडघाभर चिखलात उभ्या, हातात दोर, आणि काठावरून बाईंची शिट्टी. मग त्यांनी काठाला वाळुंजाची झुडपं लावली, प्लास्टिक वेचलं, आणि थंडीत दर शनिवारी पक्षी मोजायची वही सुरू केली. नवव्या वर्षी त्या वहीत बाराशे पक्ष्यांची नोंद झाली. बाईंच्या सासूबाई म्हणायच्या, "घरात एवढीशी कुंडी आहे, त्यात एक रोप जगत नाही, आणि निघाली तळं जगवायला." बाई हसायच्या. त्यांचे यजमान वेल्डिंगचं काम करत. तेही हसायचे, आणि रविवारी मुलींसाठी लोखंडी दाताळी बनवून द्यायचे.

दहाव्या वर्षी नगरपालिकेनं नव्या वस्तीचं गटार तळ्यात सोडलं. बाईंनी तीन पत्रं लिहिली. पहिल्याची पोच मिळाली, दुसऱ्याची नाही, आणि तिसरं पत्र घेऊन त्या स्वतः गेल्या तेव्हा साहेबांनी त्यांना तुम्ही शाळेत नेमकं काय शिकवता असं विचारलं. मी नळ्या धुते, असं बाईंनी खरं तेच सांगितलं. त्यावर पुढे बोलणं झालं नाही.

त्या वर्षी ऊन लवकर तापलं. तळ्याचं पाणी आत आत सरकलं, काठाला हिरवट काळा गाळ उघडा पडला आणि त्याला वास यायला लागला. लांबून आलेली बदकं अजून परत गेली नव्हती. एका शनिवारी सकाळी मुली मोजायला बसल्या असताना शिट्टीबाईंच्याच लेकीला, ती तेव्हा तेरा वर्षांची होती, पाण्याच्या कडेला एक बदक दिसलं. त्याला उडता येत नव्हतं. पाय ओढत, पंखांनी वल्हवत ते सरकत होतं, आणि त्याची मान पुन्हा पुन्हा पाण्यात पडत होती. पोरगी बुटांसकट पाण्यात शिरली आणि तिनं ते उचललं.

बाई तिथेच होत्या. त्यांनी तिला अडवलं नाही. उलट म्हणाल्या, "मान वर धर त्याची. नाहीतर बुडेल."

पोरीनं ते बदक मांडीवर घेऊन पाऊण तास त्याची मान तळहातावर धरून ठेवली. हातात मोजे नव्हते, तोंडाला काही नव्हतं. तोवर दुसऱ्या मुलींना वाळुंजात आणखी चौदा सापडली, त्यांतली नऊ मेलेली.

जनावरांचे डॉक्टर मोटारसायकलवर आले. तरुण माणूस, गावात येऊन वर्षही झालेलं नव्हतं. त्यांनी पाहिलं आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे सगळ्या मुलींना काठापासून लांब उभं करून साबणानं हात धुवायला लावले. मग बाईंना बाजूला घेऊन त्यांनी समजावलं. ही दोन गोष्टींपैकी एक असू शकते. एक तर पक्ष्यांची साथ, जी माणसाला लागू शकते आणि लागली तर वाईट. किंवा विषबाधा. कोमट, सडक्या, हवा नसलेल्या गाळात एक जंतू विष तयार करतो, ते पोटात गेलं की पक्ष्याचे पाय, पंख आणि शेवटी मान लुळी पडते. ते माणसाला सहसा बाधत नाही. पण त्यात मेलेला प्रत्येक पक्षी सडतो, त्यात अळ्या होतात, अळ्यांत विष भरतं, ते खाऊन दहा मरतात.

"म्हणजे मेलेले उचलायला हवेत," बाई म्हणाल्या.

"विषबाधा असेल तर आजच उचलायला हवेत. साथ असेल तर कुणी हातही लावता कामा नये. नमुने पाठवतो. आठवडा लागेल."

"आणि आठवडाभर काय करायचं?"

काठाला दोरी बांधली गेली. पोरीच्या मांडीवरचं बदक डॉक्टरांनी खोक्यात घालून नेलं. ते संध्याकाळीच मेलं, हे त्यांनी बाईंना सांगितलं. बाईंनी लेकीला नाही सांगितलं.

रविवारी बाई दोरीपाशी गेल्या. सोमवारी शाळेआधी गेल्या, शाळा सुटल्यावर पुन्हा गेल्या. नऊ वर्षं ज्या काठावर त्या सुट्टीच्या दिवशी उभ्या राहिल्या होत्या तिथे आता उभं राहून पाहण्याशिवाय त्यांना काही करता येत नव्हतं. मंगळवारी दुर्बिणीतून त्यांनी शंभरावर मेलेले मोजले. जिवंत असलेले मेलेल्यांच्या मधून चोची मारत फिरत होते. त्या मला म्हणाल्या की पाणकोंबडी बुडताना आवाज करत नाही, नुसती मान खाली जाते आणि वर येत नाही. मी डबा बंद केला. त्यांनी तर आदल्या दिवसापासून डबा उघडलाच नव्हता.

बुधवारी पहाटे त्यांच्या लेकीला ताप भरला.

तापाचे आकडे-बिकडे मला माहीत नाहीत, पण पोरगी दहाच्या सुमाराला ओळख न पटल्यासारखी बोलत होती असं तिची आजी सांगे. सरकारी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय झालं, कशाला हात लागला होता का. शिट्टीबाईंनी काहीही लपवलं नाही. पाच मिनिटांत पोरीला टोकाच्या वेगळ्या खोलीत हलवलं, दाराला कागद लावला, घशातला नमुना घेऊन बाहेरच्या प्रयोगशाळेत धाडला. आईला आत जायची परवानगी मिळाली, पण अंगभर झगा, तोंडाला मास्क, हातात दोन-दोन मोजे.

दुपारपर्यंत गावभर झालं. तळ्यावरची साथ शाळेत आली. मुलींना बाईंनी मेलेले पक्षी उचलायला लावले, असंही कुणी म्हणालं. कुणी म्हणालं, पैसे घेऊन लावले. कानोकानी पसरत गेलं तसा पक्ष्यांचा आकडा वाढला आणि बाईंची अक्कल कमी होत गेली. गुरुवारी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच पालक दारात. पथकात सव्वीस मुली होत्या. दुपारपर्यंत माझ्या टेबलावर बावीस चिठ्ठ्या जमल्या: आमच्या मुलीचं नाव पथकातून कमी करावं. त्यांतल्या काही आया अशा होत्या की ज्या आदल्याच महिन्यात बिल्ल्याच्या कार्यक्रमाला पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. मी त्यांना दोष देत नाही. माझी मुलगी पथकात असती तर तेविसावी चिठ्ठी माझी असती.

मुख्याध्यापकांनी मला आत बोलावलं आणि मजकूर सांगितला. पुढील आदेशापर्यंत गाईड पथकाचे सर्व उपक्रम स्थगित करण्यात येत असून संबंधित परिचर यांनी विद्यार्थिनींना कोणत्याही कामासाठी शाळेबाहेर नेऊ नये. मी तो टाइप केला. त्यांची सही झाली. बाईंना प्रत द्यायची होती, आणि शिपाई दवाखान्यात जायला तयार नव्हता. म्हणून मी गेले.

खोलीबाहेरच्या लांब बोळात त्यांचे यजमान भिंतीला टेकून उभे होते. बाकावर सासूबाई बसल्या होत्या, त्या सकाळपासून तिथून हललेल्या नव्हत्या. नात्यातली एक बाई समोर उभी राहून शेवटी कुणी तरी विचारायलाच हवं, पोटच्या पोरीपेक्षा पाखरं जवळची झाली का, असं काहीबाही ऐकवत होती. मला वाटलं, सासूबाई आता तोंड उघडतील, वर्षानुवर्षांचं काढतील. त्यांनी तोंड उघडलं खरं. म्हणाल्या, "पोरगी आमची आहे, सून आमची आहे. तुम्ही या आता."

मग खोलीच्या काचेच्या दारातून शिट्टीबाई बाहेर आल्या. मास्कमुळे फक्त डोळे दिसत होते. खरं सांगते, मी दहा पावलं लांबच थांबले. बारा वर्षं ज्या बाईच्या डब्यातलं खाल्लं तिच्याजवळ जायचं मला धाडस झालं नाही. लिफाफा मी बाकावर ठेवला आणि मागे सरले. त्यांनी तो उघडला, आतला कागद वाचला, त्याची घडी घातली.

"मी म्हटलं तिला," त्या म्हणाल्या. "मान वर धर म्हटलं. माझ्या तोंडातून पहिलं तेच निघालं. सोड म्हणायला हवं होतं, आणि मी म्हटलं धर."

मी काही तरी पुटपुटले. तुम्हाला काय माहीत होतं, असं. त्या ऐकत नव्हत्या. त्यांच्या पथकात पहिल्या दिवशी मुलींना शिकवतात ते 'तयार राहा'. आपण काय तयारी शिकवली, मोज्यांची एक जोडीसुद्धा पिशवीत नव्हती, असं त्या भिंतीकडे बघत बोलत राहिल्या. यजमानांनी त्यांचा हात धरायला हात पुढे केला आणि मोजे बघून तसाच मागे घेतला.

त्या रात्रीचं मला ठाऊक नाही. शुक्रवारचं त्यांनी मला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. ताप उतरत नव्हता, चढतही नव्हता. पोरीनं डोळे उघडले आणि विचारलं, "आई, ते बदक जगलं का गं?"

बाई म्हणाल्या, "जगलं."

"उडालं?"

"उडालं. तू धरलंस म्हणून."

पोरगी झोपली. बाई खुर्चीवर बसून राहिल्या. त्या म्हणतात, त्या क्षणी देवानं समोर येऊन सगळी पाखरं देतेस का, हिला सोडतो, असं विचारलं असतं तर दोन्ही हातांनी दिली असती. आणि पुढच्याच क्षणाला मनात आलं, की ती तशीही मरतच आहेत, विचारायला कोण येणार.

शनिवारी दुपारी पोरीचा निकाल आला. साथ नाही. घसा सुजला होता, पू झाला होता, शाळेत अर्ध्या मुलींना तेव्हा तेच झालं होतं. सासूबाईंना बाकावरून दोघांनी धरून उठवावं लागलं. रविवारी पक्ष्यांचा निकाल आला. विषबाधा. म्हणजे डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलेली दुसरी शक्यता खरी निघाली, आणि आठ दिवस मेलेल्यांना हात न लावल्यानं तळ्यावर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. चूक कुणाचीच नव्हती. हेच बाईंना जास्त लागलं. कुणावर खापर फोडता आलं असतं तर बरं वाटलं असतं, असं त्या म्हणाल्या.

गावानं सुटकेचा श्वास सोडला आणि विषय संपवला. माणसाला धोका नाही ना, मग झालं. पथकाच्या स्थगितीचा कागद मात्र तसाच राहिला, कारण तो मागे घ्या असं सांगायला कुणी आलं नाही. मीही गेले नाही.

सोमवारी बाई रजा टाकून तळ्यावर उतरल्या. नगरपालिकेनं एक गाडी आणि दोन सफाई कामगार दिले, तेही एकाच दिवसापुरते. मुलींना आणायची बंदी होती, आणि बंदी नसती तरी त्यांनी आणलं नसतं. मदतीला आल्या फक्त दोन आया, चिठ्ठी न देणाऱ्या चौघींपैकी, आणि यजमान आणि डॉक्टर. रबरी बूट, कोपरापर्यंत मोजे, नाकाला दुहेरी फडकं. मेलेले पक्षी दाताळ्यानं ओढून पोत्यात भरायचे आणि चुन्याच्या खड्ड्यात टाकायचे. बरेचसे उचलताना हातात राहत नव्हते. मी तिसऱ्या दिवशी गेले, अर्धा तास टिकले, आणि झुडपामागे जाऊन ओकले. बाईंनी मला पाणी दिलं आणि वही-पेन्सिल हातात दिली. तुम्ही कारकून आहात, तुम्ही मोजा, म्हणाल्या.

जे अजून जिवंत होते त्यांच्यासाठी यजमानांनी जनावरांच्या दवाखान्याच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जाळीचे पिंजरे जोडून दिले. डॉक्टर नळीनं घशात स्वच्छ पाणी सोडत, बाई पक्ष्याची मान दोन बोटांत धरत. दर तीन तासांनी एकेकाला. मान धरली नाही तर पाणी चुकीच्या वाटेनं जातं आणि पक्षी गुदमरतो. कित्येक त्यांच्या हातातच गेले. एकदा सलग सात गेले, तेव्हा त्या बाहेर येऊन पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "माझे हातच वाईट आहेत." डॉक्टर शेजारी बसले. त्यांचेही डोळे लाल होते. हात वाईट नाहीत, उशीर वाईट आहे, असं ते म्हणाले, आणि दोघं पुन्हा आत गेले.

अकरा दिवस हे चाललं. माझ्या वहीत मेलेले नऊशे चौसष्ट. शेडमध्ये आणलेले एकशे सव्वीस, त्यांतले उडाले एकोणचाळीस. सोडताना कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत; आमच्यात तेवढं त्राण नव्हतं. पिंजरा उघडायचा, पाखरू थोडं चालायचं, मग उडायचं. बाई ते पूर्ण दिसेनासं होईपर्यंतसुद्धा थांबत नव्हत्या, पुढच्या पिंजऱ्याकडे वळत.

लेक बरी होऊन घरी आली होती. तिला कुणी तळ्यावर येऊ दिलं नव्हतं. शेवटच्या दिवशी ती शेडवर आली आणि डॉक्टरांच्या नोंदवहीची पानं चाळत बसली. पहिल्याच पानावर पहिली ओळ होती: शनिवार, बदक, मादी, मुलीनं आणलेली, संध्याकाळी मृत. तिनं वही मिटली आणि आईला एवढंच विचारलं, "तू मला खोटं का सांगितलंस?"

पोरगी घरी गेली, पथकाचा गळ्यातला स्कार्फ घडी करून तिनं कपाटाच्या तळाशी ठेवला, आणि पुढे तळ्याचं नाव घरात कुणी काढलं की ती उठून जायची. आईशी ती बोलायची, जेवणाखाणाचं, अभ्यासाचं. त्यापलीकडे नाही. सासूबाई म्हणायच्या, वयात येतेय, येईल ठिकाणावर. पण शिट्टीबाईंचं वजन त्या वर्षात इतकं उतरलं की त्यांचा प्रयोगशाळेतला झगा अंगात असूनही खुंटीला लावल्यासारखा दिसायचा.

पथक पुन्हा सुरू झालं नाही. पथकाच्या खोलीत शाळेनं मोडकी बाकं रचली. गटार अजून तळ्यातच पडतं. पुढच्या थंडीत बाईंनी एकटीनं जाऊन मोजलं, एकशे ऐंशी पक्षी. त्याच्या पुढच्या वर्षी दोनशे बारा.

त्या दुसऱ्या वर्षी शेजारच्या गावातल्या एका स्काऊट-गाईड पथकाचे मास्तर शाळेत आले. त्यांच्या मुलांना सेवेचं काम हवं होतं, आणि तुमच्या बाईंचं नाव ऐकलं, असं ते म्हणाले. बाईंनी नाही म्हणून सांगितलं. ते पुन्हा आले, पुन्हा नाही. तिसऱ्या वेळी बाईंनी त्यांना एक यादी लिहून दिली: रबरी मोजे जोड्या तीस, बूट, साबण, जनावरांच्या डॉक्टरांचा फोन नंबर, प्रत्येक घरातून सहीचं पत्र. हे सगळं आणा, मग बघू. त्यांना वाटलं होतं की मास्तर परत येणार नाहीत. मास्तर दोन आठवड्यांत सगळं घेऊन आले.

मला बाईंनी सोबतीला नेलं. काठापासून वीस पावलांवर त्यांनी मुलांना बसवलं आणि पहिला तासभर फक्त काय करायचं नाही ते सांगितलं. आजारी दिसलेल्या पक्ष्याला हात लावायचा नाही. मेलेल्याला नाही. पाण्यात उतरायचं नाही. त्यांचा आवाज सपाट होता, सूचना वाचून दाखवावी तसा. पुढच्या रांगेतली एक छोटी मुलगी शेवटी म्हणाली, "पण ते आपल्यासमोर बुडत असेल तर?"

मला वाटलं, बाई आता उठून निघून जातील. पण त्या म्हणाल्या, "तर आधी मोजे घालायचे. ते घालेपर्यंत ते बुडेल कदाचित. तरी आधी मोजे. आणि बुडालं तर घरी जाऊन बुडालं म्हणूनच सांगायचं."

मुलगी रडवेली झाली. मास्तरांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग बाईंनी दुर्बिणी वाटल्या आणि मुलं मोजायला लागली. कुणाचे दीडशे झाले, कुणाचे तीनशे, आणि त्यावरून भांडणं झाली, तेव्हा बाईंच्या तोंडावर दोन वर्षांत प्रथमच हसण्यासारखं काही दिसलं.

दुपारी आम्ही रस्त्याकडे आलो तर कडेला सायकल घेऊन त्यांची लेक उभी होती. आजीनं पाठवलंय, ऊन आहे, तू चालत येऊ नको म्हणाली, असं तिनं सांगितलं. तळ्याकडे तिनं पाठ केली होती. बाईंनी तिला खाली चल असं म्हटलं नाही. आईची पिशवी तिनं हँडलला अडकवली, आई मागे बसली, आणि चढावर पोरीचा जोर पुरेना तशा दोघी उतरून सायकल ढकलत घरी गेल्या.